तिचं लाइट बिल कोण भरतं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई सांगलीच्या, वय ५२. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, ताईंनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि सध्या सहा महिन्यांसाठी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटला मुलीकडे आल्या आहेत. मुलीने लायब्ररीतून कादंबऱ्यांचा गठ्ठा आणून दिला. त्या लिहितात : ‘चार वाचल्या. चारहींत पन्नाशीच्या आसपासची बाई. नवरा सोडून गेलेला, नाहीतर वारलेला. ती आजीच्या गावी, आजीच्या घरी परतते, बेकरी काढते, मैत्रिणी जमतात, शेवटी एक सज्जन सुतार भेटतो. वाचताना रडू आलं आणि मग स्वतःचाच राग आला. हे नुसतं गोडगोड आहे का? यातलं चांगलं कसं ओळखायचं? आणि मला माझ्या मावशीवर मराठीत असं काही लिहायचं आहे. तिने ४६व्या वर्षी घरातून डबे सुरू केले. सुरुवात कुठून करू?’

ताई, रडू आलं त्याचा राग मानू नका. मी याच राज्यात, एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सार्वजनिक ग्रंथालयात वीस वर्षांहून जास्त काळ काम करते. १९९८ साली एच-फोर व्हिसावर, नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाबरोबर बायकोला मिळतो त्यावर, आले, म्हणजे नोकरी करायची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड हातात पडलं तेव्हा चाळिशी उलटली होती. ४१व्या वर्षी परत आलेली पुस्तकं कपाटात लावायचं अर्धवेळ काम धरलं, पुढे नोकरी करत ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. त्या ढकलगाडीवर सगळ्यात जास्त फिरणारी पुस्तकं हीच, तुमच्या गठ्ठ्यातली. जून ते ऑगस्टमध्ये परत येतात तेव्हा त्यांच्या शिवणीत समुद्रावरची वाळू असते. कचऱ्याच्या डब्यावर उलटी धरून झटकावी लागते. हिवाळ्यात त्याच पुस्तकांत खूण म्हणून दवाखान्याच्या अपॉइंटमेंटची चिठ्ठी राहिलेली असते. ती न वाचता मी काढून टाकते. पण हे पुस्तक कुठे बसून वाचलं गेलं, ते त्या चिठ्ठीने मला सांगितलेलं असतं. मोठ्या टायपातल्या आवृत्त्यांच्या कपाटात तर निम्म्याला या कादंबऱ्या, निम्म्याला खुनाच्या.

आधी एक फरक सांगते, कारण तो सुतार तुम्हाला खटकलेला दिसतो. इथल्या बाजारात प्रेमकथा वेगळ्या आणि ‘विमेन्स फिक्शन’ वेगळं. प्रेमकथेत दोघांचं जमणं हाच कथेचा कणा असतो आणि शेवट सुखाचाच लागतो. विमेन्स फिक्शनमध्ये कणा त्या बाईचा स्वतःचा प्रवास. सुतार आला तर आला. चांगल्या लेखिकेच्या हातात तो निघून गेला तरी कादंबरी उभी राहते. तुमच्या चार पुस्तकांतून मनातल्या मनात तो काढून बघा. ज्यातून काढल्यावर काहीच उरत नाही, ते बाजूला ठेवा. त्या सुतारावर याहून जास्त वेळ घालवण्यासारखं नाही.

आता मुख्य गोष्ट. या कादंबऱ्या अमेरिकेच्या दक्षिणेतच एवढ्या का पिकतात? झोपाळा, मॅग्नोलियाची झाडं, गोड चहा ही सजावट झाली. त्याखाली कायदा आहे आणि पैसा आहे. साउथ कॅरोलायनात १९४९ पर्यंत घटस्फोटच मिळत नव्हता. यादवी युद्धानंतरच्या काळातली थोडी वर्षं सोडली, तर कुठल्याच कारणासाठी नाही. आजही कुणाचा दोष न दाखवता घटस्फोट हवा असेल, तर तिथे वर्षभर वेगळं राहावं लागतं. आपल्या नॉर्थ कॅरोलायनातही एक वर्ष. आणि वेगळं म्हणजे वेगळ्या छपराखाली; एकाच घरातल्या दोन खोल्या चालत नाहीत. म्हणजे दोघांपैकी एकाला घर सोडावंच लागतं. मुलं मोठी झालेली, हाताशी पगार नाही, पंचवीस वर्षं संसारात गेलेली. अशी बाई कुठे जाईल? आजीच्या रिकाम्या घरी. या कादंबऱ्या एका उन्हाळ्यात सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यात का संपतात, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. ऋतूंचं वर्णन करायला सोयीचं म्हणून असेल, असं वाटायचं. मग आमच्या वाचनमंडळातल्या एका बाईंनी, त्यांचं स्वतःचं ते वर्ष चालू असताना, सांगितलं, ‘तो उन्हाळा नाही, ती कोर्टाची मुदत आहे.’ तेव्हापासून मी ही पुस्तकं वेगळ्या नजरेने वाचते.

बेकरीचंही तसंच. १९७४ साली समान पतसंधीचा कायदा झाला. त्याआधी इथली बँक विवाहित बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय क्रेडिट कार्डही सहज नाकारू शकत होती. धंद्याच्या कर्जासाठी घरातल्या पुरुषाची सही मागण्याची मुभा काही राज्यांच्या कायद्यांत होती, ती थेट १९८८च्या केंद्रीय कायद्याने गेली. म्हणजे आज साठीत असलेल्या नायिकेच्या आईला स्वतःच्या नावावर दुकान काढणं फार अवघड होतं. कादंबरीत बाई दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावते तेव्हा इथल्या वाचक बायकांचे डोळे भरून येतात, ते या इतिहासामुळे. लेखिका तो सांगत नाही, कारण तिच्या वाचकांच्या घरात तो घडलेला असतो. तुम्ही बाहेरून आलात, तरी तुम्हाला रडू आलं. बँकेत तुम्ही किती बायकांच्या कर्जाच्या अर्जांवर ‘जामीनदार : पती’ असं लिहिलेलं पाहिलं असेल, ते आठवा.

चांगलं कसं ओळखायचं, याची परीक्षा मला आमच्या वाचनमंडळानेच दिली. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी लायब्ररीच्या मागच्या खोलीत आम्ही आठ-दहा जणी बसतो. एकदा एक फार गाजलेली कादंबरी घेतली होती. समुद्रकाठचं घर, तीन बहिणी, आईची पत्रं. सगळ्यांना आवडली होती. तेव्हा ७८ वर्षांच्या असलेल्या एक आजी गप्प होत्या. त्यांचा जन्म मोज्यांच्या गिरणीत हिशेब लिहिण्यात गेलेला. सगळ्यांचं बोलून झालं तसा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, ‘सगळं छान आहे गं. पण ऑगस्ट महिना, तीन मजली घर, चोवीस तास एसी. तिचं लाइट बिल कोण भरत होतं?’

आम्ही सगळ्याजणी पानं उलटू लागलो. कुठेच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तकाला हाच प्रश्न विचारते आणि तो मला सहसा फसवत नाही. बिलाचा आकडा लिहायलाच हवा असं नाही, लेखिकेला तो माहीत असायला हवा. ज्या लेखिकेला तो माहीत असतो तिच्या नायिकेच्या घरात आपोआप पंखे लागतात, खिडक्या उघड्या राहतात, ती दुपारी लायब्ररीत येऊन बसते कारण इथे थंड असतं आणि फुकट असतं. खरोखर येतात अशा बायका. त्या मासिक उघडून बसतात आणि पान उलटत नाहीत.

विम्याचं बघा. या देशात बाईचा आरोग्यविमा बऱ्याचदा नवऱ्याच्या नोकरीवर चालतो. घटस्फोट झाला की मोठ्या कंपनीचा तोच विमा तिला जास्तीत जास्त ३६ महिने पुढे चालू ठेवता येतो, पण कंपनी भरत होती तो वाटाही आता तिनेच भरायचा. सरकारी मेडिकेअर ६५व्या वर्षी. पन्नाशीत वेगळी झालेली बाई या दोन काठांच्या मधे असते, आणि हेच वय गुडघ्याचं, मॅमोग्रामचं, रक्तदाबाचं. मग ती बेकरी काढेल, की आठवड्याला पुरेसे तास दिले तर विमा मिळतो म्हणून एखाद्या दुकानात गल्ल्यावर उभी राहील? चांगल्या कादंबरीत ती गल्ल्यावर उभी राहते आणि पहाटे चारला उठून केक करते. तिथे मला तिच्याबद्दल माया वाटते.

आमच्या वाचक असल्या बाबतीत फार कडक आहेत. एका कादंबरीत नायिका नॉर्थ कॅरोलायनातल्या आपल्या घरातून ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) आणि केक करून विकते, आणि स्वयंपाकघरात तिच्या पायाशी कुत्रा झोपलेला. एकजण म्हणाली, ‘परवाना रद्द!’ खरं आहे ते. घरच्या स्वयंपाकघरातून विकायला इथे परवानगी मिळते, पण राज्याच्या कृषी खात्याचा माणूस येऊन घर तपासतो, आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर परवानगी नाही. रात्रीपुरतं आत घेतलं तरी नाही. लेखिकेने एक फोन केला असता तर तिला केवढं सुंदर प्रकरण मिळालं असतं : पोट भरायला केक, आणि उरलेल्या आयुष्याला एकच सोबत, तो म्हातारा कुत्रा. दोन्हींतलं काय ठेवायचं?

खऱ्या आयुष्यातलं एक उदाहरण तुमच्यापासून दोन-अडीच तासांवरचं आहे. चॅपल हिल गावात मिल्ड्रेड कौन्सिल नावाच्या कृष्णवर्णीय बाई होत्या. सगळे त्यांना ‘मामा डिप’ म्हणत. लहानपणी उंच आणि लांब हातांच्या, पावसाच्या पाण्याच्या पिंपाच्या तळातलं पाणीही पळीने काढायच्या, म्हणून ‘डिप’. आठ मुलांची आई. आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत राबल्या. १९७६ साली, ४७व्या वर्षी, एका रविवारी त्यांनी स्वतःची खानावळ उघडली, तेव्हा हातात ६४ डॉलर होते. ४० डॉलरचा किराणा आणला, २४ डॉलर सुटे म्हणून गल्ल्यात ठेवले. न्याहारीच्या गल्ल्यातून दुपारच्या जेवणाचं सामान आणलं, दुपारच्या गल्ल्यातून रात्रीचं. पुढे त्यांची पाककृतींची पुस्तकं विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढली. २०१८ साली त्या गेल्या. आपण त्या पहिल्या दिवसाची न्याहारी आणि दुपार यांमधल्या दोन तासांकडे बघू या. किती गिऱ्हाईक आलं, नोटा मोजल्या, कुणाला दुकानात पिटाळलं, कोंबडी किती आणायची ते ठरवलं. पुनश्च हरिओम म्हणतात तो असा असतो. तुमच्या गठ्ठ्यातल्या एखाद्या कादंबरीत असे दोन तास सापडले, तर ती लेखिका धरून ठेवा आणि तिची बाकीची पुस्तकं मागवा.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच बनावट माल सगळ्यात जास्त आहे. मागे पाककृती छापली म्हणजे कादंबरीत स्वयंपाक आला, असं होत नाही. इथला ‘बिस्किट’ हा पदार्थ घ्या. आपलं चहाचं बिस्किट नव्हे. मऊ, पापुद्रे सुटणारा, खारट पाव म्हणा. त्याला दक्षिणेत पिकणाऱ्या हिवाळी गव्हाचा हलका मैदा लागतो, ज्यात चिवटपणा कमी. लोणी बर्फासारखं गार हवं. ताक घातलं की पीठ मळायचं नाही, दोनचारदा घडी घालायची. मग गोल साचा सरळ खाली दाबायचा आणि सरळ वर उचलायचा. साचा फिरवला की कडा मिटतात आणि बिस्किट फुगत नाही. ताटलीत ती एकमेकींना चिकटून ठेवायची, म्हणजे पसरायला जागा नसते आणि सगळी वर चढतात. ज्या लेखिकेच्या हाताने हे केलेलं असतं तिची नायिका साचा फिरवत नाही. जिने नुसतं वाचलेलं असतं तिची नायिका ‘प्रेमाने पीठ मळते’. त्या एका क्रियापदावर मी पुस्तक मिटलेलं आहे.

आणि कॅसरोल. घरात माणूस गेलं की इथे शेजारपाजारच्या आणि चर्चमधल्या बायका काचेच्या चौकोनी भांड्यात भाजलेलं जेवण घेऊन येतात. दारात उभ्या राहतात, फार बोलत नाहीत. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर पेनाने घरधनिणीचं आडनाव, परत करायला सोपं जावं म्हणून. तुमच्या घरी यजमान गेले तेव्हा पहिले दिवस चूल पेटली नसेल, पिठलंभात शेजारून आला असेल. तीच गोष्ट. आणि रिकामं भांडं परत करायचं नाही, ही पद्धत आपल्यासारखी इथल्याही जुन्या बायकांत आहे. पण खरी कथा पुढे सुरू होते. महिन्याभराने कॅसरोल यायचे थांबतात आणि ओट्यावर आठ-दहा दुसऱ्यांची भांडी उरतात. ती एकेक परत करायला विधवा बाईला घराबाहेर पडावं लागतं, प्रत्येक दार वाजवावं लागतं. एखादी चांगली लेखिका अख्खी कादंबरी या भांड्यांवर उभी करू शकेल. घटस्फोट झालेल्या बाईच्या दारात मात्र कॅसरोल येत नाहीत. ते न येणंही ज्या पुस्तकात लिहिलेलं असतं, त्याला मी वरच्या फळीत ठेवते.

आता घर. ही गोष्ट मला टाळता येत नाही, कारण इथल्या मातीत ती आहे. आजीचं पांढऱ्या खांबांचं घर, फिकट निळ्या रंगाचं व्हरांड्याचं छत. तो निळा रंग मुखपृष्ठावर छान दिसतो. साउथ कॅरोलायना-जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या गला-गीची लोकांची ती समजूत : हा रंग भुताखेतांना, ‘हेंट’ना, दाराबाहेर ठेवतो. हे लोक आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, आणि त्या किनाऱ्यावर निळीची शेती गुलामांकडूनच करून घेतली जात होती. म्हणजे नायिका ज्या छताखाली बसून शांत होते, त्या छतालाही इतिहास आहे. या प्रकारातल्या फार कादंबऱ्या तो पाहतच नाहीत. त्यांच्यात गोऱ्या नायिकेला शहाणपणाचे चार शब्द सांगायला एक कृष्णवर्णीय मैत्रीण किंवा म्हातारी येते, आणि पान उलटलं की नाहीशी होते. गिरणीतल्या आजींचा प्रश्न मी तिथेही लावते. त्या मैत्रिणीला स्वतःचं लाइट बिल आहे का? तिचं घर पुस्तकात कुठे दिसतं का?

गंमत अशी की तुम्ही सांगितलेल्या कथेचा अस्सल मूळ नमुना एका कृष्णवर्णीय लेखिकेनेच लिहिला. झोरा नील हर्स्टन यांची ‘देअर आइज वर वॉचिंग गॉड’, १९३७ सालची. चाळिशीची जेनी अंगात मळका ओव्हरऑल घालून, एकटी, आपल्या गावात परत येते. ओट्यांवर बसलेलं सगळं गाव तिची उठाठेव करतं. मैत्रीण फिबी मात्र मागच्या दाराने झाकलेल्या भांड्यात भात घेऊन येते, आणि मागच्या पायरीवर अंधारात बसून जेनी तिला सगळी हकिगत सांगते. परतणं, ओटा, भांडं, मैत्रीण : नंतरच्या शेकडो कादंबऱ्यांचं सामान त्या पहिल्या काही पानांत आहे. आणि सुखाचा शेवट विकत घेतलेला नाही. त्या बाईने त्यासाठी काय काय मोजलं ते पुस्तकभर दिसतं. हर्स्टन स्वतः १९६० साली हलाखीत वारल्या. १९७३ साली लेखिका अॅलिस वॉकर यांनी फ्लोरिडातल्या तणात त्यांची बेनाव कबर शोधून तिथे दगड बसवला. बोलीभाषेमुळे इंग्रजी जड जाईल, पण ध्वनिमुद्रित पुस्तक ऐका, मुलीच्या लायब्ररी कार्डावर फुकट मिळेल.

आजीचं घर ‘मिळतं’ हेही तपासा. दक्षिणेत, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांत, मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जमिनी फार आहेत. कागदावर पणजोबांचं नाव आणि वारस चाळीस, निम्मे शिकागो-न्यूयॉर्कला गेलेले. बाहेरच्या माणसाने एका वारसाचा हिस्सा विकत घ्यायचा, कोर्टात वाटणी मागायची आणि अख्खी जमीन लिलावात काढायची, असं कितीतरी ठिकाणी झालं. २०१० साली यावर एक नमुना कायदा तयार झाला. जॉर्जियाने तो २०१२ला स्वीकारला, साउथ कॅरोलायनाने २०१६ला. सात-बारावर सतरा नावं असलेल्या घरात वाढलेल्या मराठी बाईला हे समजावून सांगायची गरज नाही. घर कुणाच्या नावावर आहे, हे ज्या कादंबरीत पन्नासाव्या पानापर्यंत कळत नाही, तिथे मी सावध होते.

वादळाबद्दल एवढंच. या कादंबऱ्यांच्या शेवटाकडे चक्रीवादळ येतं, रात्रीत सगळे रुसवेफुगवे मिटतात आणि सकाळी ऊन पडतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळ आपल्या राज्याच्या डोंगराळ भागावर आलं. त्यानंतर अॅशव्हिल शहराच्या नळाला पिण्याजोगं पाणी यायला ५३ दिवस लागले. आमच्या वाचक बायकांनी त्या हिवाळ्यात वादळ असलेलं एकही पुस्तक मागितलं नाही.

तर मग गोडगोडपणाचं काय? माझं मत सांगते. ऊब हा साहित्यातला दोष नाही. डोंगराएवढं दुःख वाचलं म्हणजेच वाचन झालं, असं आपल्याकडे शिकवलं जातं आणि त्यामुळे तुमच्यासारखी वाचणारी बाई रडली की स्वतःवर रागावते. केमोथेरपीच्या खुर्चीत चार तास बसणाऱ्या बाईला मी स्वतः ही पुस्तकं निवडून दिली आहेत, आणि ती परत करताना तिने माझा हात धरला आहे. तिला फसवायचं नव्हतं, म्हणूनच मी निवडून दिली. खोटी ऊब आजारी माणसाला सगळ्यात आधी कळते. फॅनी फ्लॅग यांच्या १९८७च्या ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज’ या कादंबरीत पन्नाशीला टेकलेली एव्हलिन नर्सिंग होममध्ये एका म्हातारीला भेटते, आठवड्यामागून आठवडे तिच्या गोष्टी ऐकते, आणि हळूहळू स्वतःच्या पायावर उभी राहते. तिला उभं करतं ते कुणाचं उपदेशाचं भाषण नव्हे. कुणीतरी दर आठवड्याला तिची वाट पाहतं, तिच्याशी बोलतं. तेवढ्यावर माणूस उभं राहतं, हे मी लायब्ररीच्या काउंटरवर रोज पाहते.

आता तुमची मावशी. पहिली विनंती : तिला बेकरी देऊ नका, व्हरांडा देऊ नका, कोकणात आजोळचं घर देऊ नका. सांगलीत ठेवा. इथल्या लेखिकांकडून घ्यायची ती हिशेबाची सवय. ४६व्या वर्षी मावशीने डबे सुरू केले तेव्हा गॅसचं कार्ड कुणाच्या नावावर होतं? दुसरा सिलिंडर कुणी दिला? पहिले स्टीलचे डबे रोख घेतले, की भांड्यांच्या दुकानदाराने उधार दिले, की भिशीचा नंबर लागला होता? भिशी असेल तर तो नंबर खरं म्हणजे कुणाचा होता आणि कुणी सोडला? ती सोडणारी बाई तुमच्या कादंबरीतली दुसरी महत्त्वाची व्यक्ती आहे, कदाचित पहिली. तुम्ही इतकी वर्षं बँकेत काढली, तुम्हाला हे प्रश्न सुचायला कुणाची मदत लागू नये.

माहेरच्या जमिनीवर मावशीने हक्कसोडपत्र करून दिलं होतं का, हेही विचारा. महाराष्ट्रात १९९४ साली, तोवर लग्न न झालेल्या हिंदू मुलींना, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क मिळाला, देशभर २००५ला. पण भाऊ नाराज नको म्हणून सही करून साडी-चोळीवर परत आलेल्या बायका तुम्ही-मी दोघींनी पाहिल्या आहेत. तशी सही तिने केली असेल, तर तिला परतायला आजीचं घर नव्हतं. तुमची कादंबरी इथल्या कादंबऱ्यांहून वेगळी होण्याची जागा नेमकी ती. इथली नायिका परत जाते. मावशी कुठेच गेली नाही, त्याच दोन खोल्यांत राहून तिने नवं सुरू केलं. त्याच शेजाऱ्यांसमोर, त्याच जिन्यावरून डबे खाली नेत.

भाषेचं म्हणाल, तर इथल्या लेखिका आपल्या बोलीला लाजत नाहीत. ‘ब्लेस युअर हार्ट’ हे एकच वाक्य इथे बाई खरी कणव म्हणूनही वापरते आणि समोरचीचा पाणउतारा करायलाही, आणि कोणतं कधी ते फक्त सुरावरून कळतं. सांगलीच्या बोलण्यातही असे शब्द आहेत. मावशी ‘असूं दे की’ म्हणायची तेव्हा त्याचे किती अर्थ होते, ते आठवून लिहून ठेवा. पुण्याच्या प्रमाणभाषेत तिला बोलायला लावू नका.

पहिलं प्रकरण नवरा गेल्याच्या दिवसापासून सुरू करायचा मोह होईल. करू नका. मावशीच्या पहिल्या डब्याच्या सकाळपासून करा. भाकरी किती केल्या, एक जास्तीची का केली, झाकण लागत नव्हतं म्हणून दोरीने बांधलं का, डबा कोण घेऊन गेलं. नवऱ्याचं काय झालं ते चाळिसाव्या पानावर, कुणीतरी विचारल्यावर येऊ द्या.

मावशी हयात असतील तर आजच फोन करा. उन्हाळ्यात इथे सकाळचे नऊ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा (हिवाळ्यात साडेसात), कडधान्यं निवडायला बसायची वेळ. फार काही विचारू नका. पहिला डबा कुणाचा होता आणि त्याचे पैसे कितव्या दिवशी मिळाले, एवढंच विचारा, आणि मग त्या बोलतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा.